सापडलेली अंडी: सरपटणाऱ्यांची अंडी हाताळावी कशी, उबवावी कशी

(मिहान परिसरातील एका गृहसंकुलाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्यातली लकब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, "अंडी." पलीकडे जरा शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक म्हटला की लोकांना शंकराचार्य अपेक्षित असतात, कांट अपेक्षित असतो, फार तर चार्वाक. अंडी कोणाला अपेक्षित नसतात. पण आमचे म्हणणे असे की अंड्याइतका अवघड प्रश्न तत्त्वज्ञानात दुसरा नाही. ऐतरेय उपनिषदात जीवांचे चार प्रकार सांगितले आहेत: अंडज, जारुज म्हणजे जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज. त्यात पहिला मान अंडजांचा. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने कोंबडीची अंडी वेगवेगळ्या दिवशी फोडून आत काय काय घडते याची नोंद केली. तेव्हा आम्ही काही फार आडवाटेला गेलेलो नाही.

आज मात्र कोंबडीबद्दल बोलायचे नाही. सरपटणाऱ्यांच्या अंड्यांबद्दल बोलायचे आहे: साप, सरडे, पाली, कासवे. तेही अगदी पहिल्या पायरीपासून, कारण आम्ही स्वतः या विषयात नवशिके आहोत. चूक करून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

एका मे महिन्याची गोष्ट

आपण जिथे बसलो आहोत त्या जागेचा जरा विचार करा. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेते होती, पडीक रान होते, नाले होते. आता विमानतळाचा पसारा, कंपन्या, एम्स, आयआयएम आणि आपल्यासारख्यांची गृहसंकुले. रान गेले, पण रानातले रहिवासी सगळेच काही गेले नाहीत. २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ फिरत होता, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. वाघाची बातमी होते. सापाच्या अंड्यांची होत नाही.

तर आमच्या संकुलाच्या मागच्या भिंतीचे काम पावसाळ्याच्या आधी उरकायचे म्हणून मे महिन्यात खोदकाम सुरू होते. सकाळी अकराच्या सुमाराला मिस्त्री दारात आला. म्हणाला, "सरजी, तिकडं सापाचे अंडे दिसून राहिले जी. काय करू, फेकून देऊ?" आम्ही गेलो. जुन्या वारुळाच्या कडेची माती कोसळली होती आणि पांढरट, लांबट, चामड्यासारख्या कवचाची अंडी एकमेकांना चिकटून पडली होती. अकरा होती. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर कोणीतरी ती काढून ठेवली होती. उन्हात. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात!

आम्ही काय केले ते ऐका. घरी आणली. माती लागली होती म्हणून नळाखाली धुतली. चिकटलेली होती म्हणून एकेक करून सोडवली. मग बांबूच्या टोपलीत कापूस घालून त्यावर नीट रांगेत मांडली आणि मांडताना प्रत्येक अंडे फिरवून पाहिले, कुठे चिरले तर नाही ना म्हणून. सौ. म्हणाल्या, "अहो, आधी कोणाला तरी विचारा." आम्ही विचारले, पण दोन तासांनी. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन केला. तिथून निरोप गेला आणि एक तरुण सर्पमित्र आला. त्याने टोपली पाहिली आणि फक्त एवढेच म्हणाला, "काका, चार गोष्टी करायच्या नव्हत्या. तुम्ही चारही केल्या."

उन्हात राहिली, धुतली, सोडवली, फिरवली. आजचे आमचे व्याख्यान म्हणजे या चार क्रियापदांचे स्पष्टीकरण आहे.

फिरवणे: कोंबडीचे अंडे आणि सापाचे अंडे

आपल्या डोक्यात अंडे म्हणजे कोंबडीचे अंडे. कोंबडी बसल्या बसल्या अंडी चोचीने फिरवते. उबवणी यंत्रातही ती दिवसातून अनेकदा फिरवतात. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो आणि बिघाड होतो. म्हणून आपल्याला वाटते, अंडे फिरवणे चांगले.

कोंबडीच्या अंड्यात बलक दोन्ही टोकांना पिळदार पांढऱ्या दोऱ्यांनी टांगलेला असतो. अंडे फोडल्यावर तो पांढरा धागा आपण पाहिलेला असतो. त्यामुळे अंडे कसेही वळवा, बलक आत फिरून गर्भाची बाजू वर येते. पाळण्यासारखी योजना आहे ती. सरपटणाऱ्यांच्या अंड्यात असा पाळणा नसतो. अंडे घातल्यानंतर काही तासांतच गर्भ वरच्या बाजूला सरकतो आणि तिथे कवचाच्या आतल्या पडद्याला धरून राहतो. त्याचा श्वास तिथून चालतो. आता तुम्ही अंडे उलटे केले तर गर्भ खाली, बलकाचा भार वर. कोवळे पडदे फाटू शकतात.

आता एक प्रामाणिक टीप. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा समुद्री कासवांचा आहे. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की घातल्यानंतर पहिल्या काही तासांत हलवलेली अंडी बरीच तगतात, पण बारा तास उलटल्यावर फिरवलेल्या अंड्यांतली मर वाढते. मगरींच्या बाबतीतही अशीच काळजी घेतात. सापांची काही जातींची अंडी मात्र फिरवणे बरेचसे सहन करतात, असे काही अभ्यास सुचवतात. मग नियम कशाला? कारण न फिरवण्याला खर्च शून्य आहे आणि फिरवण्याचा फायदाही शून्य आहे. जिथे फायदा नाही आणि नुकसानीची शक्यता आहे, तिथे विवेक काय सांगतो ते सांगायला पीएच.डी. लागत नाही.

करायचे काय? अंडे जसे सापडले तसेच, वरची बाजू वरच ठेवून उचलायचे. उचलण्याआधी मऊ शिसपेन्सिलीने वरच्या बाजूला हलकीशी खूण करायची. शाईचा पेन किंवा मार्कर नको, कवच सच्छिद्र असते. खूण चुकून खाली गेलीच तर लगेच कळते. उचलताना खालची माती ओंजळीत घेऊन मातीसकट उचलायचे. आणि हात आधी व नंतर साबणाने धुवायचे, कारण सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात.

सोडवणे आणि धुणे: कवच म्हणजे भिंत नव्हे

सापाची अंडी घातल्यावर ओलसर असतात आणि सुकताना एकमेकांना चिकटतात. हा गठ्ठा तसाच ठेवायचा असतो. ओढून सोडवताना कवचाचा पापुद्रा निघतो, आणि तिथून बुरशीला दार उघडते.

धुणे का नको? इथे कवचाचे दोन प्रकार समजून घेऊ. तुमच्या घरात विजेच्या मीटरमागे किंवा फोटोच्या मागे पालीची अंडी सापडतात, छोटी, गोल, पांढरी, खडूच्या गोळीसारखी. ती टणक कवचाची. त्यांत पुरेसे पाणी आधीच भरलेले असते, म्हणून कोरड्या भिंतीवरही ती जगतात. भिंतीला चिकटलेली असतील तर खरवडू नका, फुटतात. दुसरा प्रकार म्हणजे साप, सरडे आणि बिबट्या गेको. बिबट्या गेको ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातली ठिपकेदार, पापण्या असलेली, जमिनीवर राहणारी पाल. जगभर लोक ती पाळतात. तिची एक जातभगिनी आपल्या महाराष्ट्राच्या कोरड्या भागातही आहे. या सगळ्यांचे कवच चर्मपत्रासारखे मऊ. ते आजूबाजूच्या मातीतून पाणी शोषते, आणि अंडे दिवसागणिक फुगते. मातीत पाणी कमी असेल तर उलटे होते, अंड्यातले पाणी बाहेर जाते आणि अंडे पिचकते.

म्हणजे मऊ कवचाचे अंडे ही बंद डबी नाही. त्याचा बाहेरच्या मातीशी सतत व्यवहार चालू असतो. नळाखाली धरले तर अंडे एकदम भिजते, छिद्रे पाण्याने भरतात, हवा अडते. गर्भ गुदमरतो. म्हणून ओलावा हवा, पण ओले नको. आमचे जुने कुलकर्णी मास्तर पुरणाच्या कणकेबद्दल हेच सांगत. (हशा)

सरपटणाऱ्यांची अंडी उबवणारे लोक नर्सरीत मिळणारे व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट वापरतात. वजनाला वजन पाणी, म्हणजे २०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला २०० मिलिलिटर पाणी. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तीन-चार बोटे थर द्यायचा, बोटाने खळगा करायचा, अंडे निम्मे आत, निम्मे बाहेर. झाकणाला दोन-तीन बारीक छिद्रे. आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदलायची. पाणी कमी वाटले तर डब्याच्या कडेने घालायचे, अंड्यावर कधीही नाही. सुरुवातीला डब्याचे वजन करून ठेवले तर किती पाणी उडाले ते वजनावरून कळते. सोपी युक्ती आहे, नवशिक्याला फार उपयोगी.

ऊन: नागपूरचा खास प्रश्न

बाहेरच्या देशांतले मार्गदर्शन वाचले की सगळीकडे एकच वाक्य: गरम करायचे यंत्र घ्या. त्यांच्याकडे थंडी असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि बंद खोलीत ३८-४० अंश. इथे अंडे उबवायचे म्हणजे ते गार ठेवायचे.

सापांच्या बहुतेक अंड्यांना २८ ते ३० अंशांच्या आसपास ठेवतात. थोडे खाली गेले तर वाढ मंदावते, दिवस वाढतात. फार वर गेले तर मात्र गर्भ मरतो किंवा कण्यात व्यंग घेऊन येतो. थंडी उशीर करते आणि उष्णता जीव घेते, एवढे लक्षात ठेवा.

त्या सर्पमित्राने केले ते असे. घरातली सर्वांत खालची, उत्तरेकडची खोली निवडली. थर्मोकोलची पेटी घेतली. आत अंड्यांचा डबा आणि त्याच्या चहूबाजूंनी साध्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. पाणी हळू तापते, हळू निवते, त्यामुळे दिवसरात्रीचे झोके कमी होतात. दुपारी पारा चढू लागला की दोन बाटल्या काढून माठाजवळच्या गार बाटल्या ठेवायच्या. बर्फ नाही. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा, तारेला टोक असलेला तापमापक घेतला आणि त्याचे टोक अंड्यांच्या उंचीवर ठेवले, कारण पेटीच्या झाकणाजवळचे तापमान आणि अंड्याजवळचे तापमान वेगळे असते. कूलरची हवा पेटीवर सरळ सोडायची नाही. आणि लाईट गेले तरी या व्यवस्थेला काही फरक पडत नाही, हे आपल्याकडे महत्त्वाचे.

तापमान फक्त जगवत नाही, घडवतेही

आता आमच्या आवडीचा भाग. १९६६ मध्ये मॅडलिन शार्निए या फ्रेंच संशोधक बाईंनी सेनेगलमधल्या डाकार इथे अगामा जातीच्या सरड्यांवर काम करताना दाखवले की पिल्लू नर होणार की मादी, हे अंडे कोणत्या तापमानात वाढले यावर ठरू शकते. पुढे हेच अनेक कासवांत, मगरींत आणि बिबट्या गेकोत आढळले.

बिबट्या गेकोचे पाहा. ती एका वेळी साधारण दोन अंडी घालते. २६ अंशांच्या आसपास ठेवली तर बहुतेक माद्या. ३२-३३ अंशांना बहुतेक नर. ३४-३५ अंशांवर पुन्हा बहुतेक माद्या. गारव्यात दोन महिन्यांहून जास्त लागतात, उष्णतेत सव्वा-दीड महिन्यात काम होते. मगरीच्या बाबतीत आपल्याच देशात, चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत असाच अभ्यास झाला. ही संस्था रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये उभी केली. तिथेही दिसले की मधल्या, ३२-३३ अंशांच्या पट्ट्यात नर, आणि दोन्ही बाजूंना माद्या. समुद्री कासवांत सरळ हिशेब: साधारण २९-३० अंशांच्या खाली नर वाढतात, वर माद्या वाढतात. सापांत मात्र हे नाही. त्यांचे लिंग आपल्यासारखेच गुणसूत्रांनी ठरते.

वर्गात आम्ही तीस वर्षे सांख्यांचा सत्कार्यवाद शिकवला. कार्य कारणात आधीच असते, तेल तिळात असते तसे. नैयायिक म्हणतात, नाही, कार्य नवे उत्पन्न होते. मुले विचारायची, "सर, याचा उपयोग काय?" आज आम्ही त्यांना गेकोचे अंडे दाखवू. गेकोपण अंड्यात आहे, ते कोणी बाहेरून आणले नाही. पण नरपण किंवा मादीपण त्या अंड्यात नव्हते. ते मातीच्या उबेत होते! उपादान कारण अंडे, आणि ज्याला आपण सहज निमित्त म्हणून बाजूला सारतो ती उष्णता इथे एवढे मोठे काम करते. उबवणारा माणूस पेटीचा काटा फिरवतो तेव्हा तो फक्त राखण करत नसतो, तो ठरवत असतो. आणि पृथ्वी तापते तेव्हा हेच सगळ्या किनाऱ्यांवर, कोणीही न ठरवता घडते.

वेळासचे लोक

महाराष्ट्रात हे काम गावाने कसे करावे, याचा धडा रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मिळतो. नाना फडणवीसांचे गाव. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कोल्हीकुत्री खोदून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावकऱ्यांना सोबत घेऊन संरक्षण सुरू केले. पुढे २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि जी अंडी विकून चार पैसे मिळत, तीच राखून गावाला पाहुणे मिळू लागले.

कामाची रीत पाहा. पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पावलांचा माग काढायचा. घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती लवकरात लवकर, न उलटता काढायची. बारा तासांची गोष्ट आठवा. मग कुंपण घातलेल्या जागेत मूळ घरट्याच्या खोलीचा आणि आकाराचा, तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद, खड्डा करून त्यात ठेवायची. वाळूने झाकायची, तारीख लिहायची. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. ती वाळूवर सोडतात आणि पाण्यापर्यंत त्यांची त्यांना जाऊ देतात. उचलून समुद्रात नेत नाहीत.

यात यंत्र एकही नाही. यंत्राची जागा वेळेने, खोलीने आणि न उलटणाऱ्या हाताने घेतली आहे. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पाहणे आणि वाट पाहणे

अंडी डब्यात गेली की नवशिक्याचा खरा शत्रू म्हणजे उत्सुकता. रोज उघडून पाहावेसे वाटते. आठवड्यातून एकदा पुरे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बाजूला हलकेच टेकवला, अंडे न उचलता, तर जिवंत अंड्यात गुलाबी उजेड आणि तांबड्या शिरांचे जाळे दिसते. नुसताच पिवळा उजेड दिसला म्हणून लगेच फेकू नका, सुरुवातीचे दिवस असतील. अंडे खराब झाले की स्वतःच सांगते: खचते, काळवंडते, घाण वास येतो. सुटे असेल तर काढा. गठ्ठ्यात चिकटलेले असेल तर ओढू नका. शेजारचे निरोगी अंडे बहुतेक वेळा तग धरते.

मधेच अंड्याला खळगा पडला तर पाणी कमी आहे. अगदी शेवटच्या दिवसांत पडला तर मात्र बाहेर यायची तयारी असू शकते.

मग एक दिवस कवचावर बारीक चीर दिसते. पिल्लाच्या तोंडाच्या टोकाशी त्या कामापुरता एक छोटा दात असतो, त्याने ते कवच कापते. डोके बाहेर काढते आणि तसेच थांबते. कधी तासन् तास, कधी दिवसभर. इथे माणसाचा धीर सुटतो आणि तो कवच फाडून "मदत" करतो. करू नका. ते आत उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. घाईने बाहेर काढलेले पिल्लू रक्तस्रावाने मरते. जन्माला येणाऱ्याला जन्माला येऊ द्यावे.

आमच्या अकरा अंड्यांचे काय झाले

सात गेली. चार फुटली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. धामणी होत्या. वनविभागाला कळवून सर्पमित्राने त्या योग्य जागी सोडल्या. आम्हाला पाहायला बोलावले होते. मनगटाएवढीही जाड नाहीत, करंगळीपेक्षा बारीक, आणि गवतात एका क्षणात दिसेनाशी झाली.

सात का गेली? ऊन, पाणी, सोडवणे की फिरवणे, नेमके कशाने? अकरा अंड्यांवरून ते सांगता येत नाही. कदाचित काही आधीच निकामी असतील. तर्कशास्त्र शिकवणाऱ्याला एवढा संयम हवा. पण "कारण सिद्ध होत नाही" आणि "आपली जबाबदारी नाही" ही दोन वाक्ये एक नव्हेत. आमच्या हातून घडू नये ते घडले, आणि ते प्रेमाने घडले. प्रेमाला माहितीची जोड नसली तर ते नळाखाली अंडी धुते.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा. तिच्यात पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्यांची अंडी खराब करणे, अंडी वा घरटी विस्कटणे हेही येते. म्हणजे बंदूक न उचलता माणूस शिकारी ठरू शकतो. म्हणून मघाशी सांगितलेली उबवण्याची रीत घरोघरी करायची नाही. ती वनविभागाच्या माहितीने काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि आपल्याला त्यामागचे कारण कळावे म्हणून आहे. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनाही, आंतरराष्ट्रीय यादीतल्या जाती असतील तर, २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तुमचे-आमचे काम पहिल्या तासाचे. खोदकाम त्या जागी थांबवा. अंडी असतील तिथेच, तीच माती वर सरकवून झाका, सावली करा. मादी जवळ असू शकते, ती नाग असू शकते, म्हणून हात घालू नका, बिळात काठी घालू नका. १९२६ ला फोन करा. काम दोन महिने पुढे ढकलता येत असेल तर अंडी आहेत तिथेच राहू देणे हा सर्वांत उत्तम उपाय. सर्वांत चांगली उबवणी पेटी म्हणजे आईने निवडलेली जागा.

आपल्या शास्त्रकारांनी एक अर्धकुक्कुटी न्याय सांगितला आहे. कोंबडीचा अर्धा भाग शिजवायला घ्यावा आणि अर्धा अंडी घालायला ठेवावा, असे जमत नाही. उंदीर खाणारी धामण हवी, पण वारूळ नको, झुडूप नको, नाल्याचा काठ नको, असे आपण मिहानकर म्हणू लागलो तर ती अर्धी कोंबडी झाली. संकुलाच्या मागच्या कोपऱ्यात दहा फूट जागा तशीच रानटी ठेवायचा ठराव आम्ही सोसायटीत मांडला आहे. अजून मंजूर झालेला नाही. पुढच्या सभेत पुन्हा मांडणार आहोत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, सगळेच साप अंडी घालतात का?

नाही. धामण, नाग, मण्यार, अजगर, पाणदिवड अंडी घालतात. घोणस सरळ पिल्लांना जन्म देते. म्हणून अंडी दिसली तर ती घोणसाची नाहीत एवढे म्हणता येते, पण विषारी सापाची नाहीत असे म्हणता येत नाही. नागाचे पिल्लू अंड्यातून निघते तेव्हापासून विषारी असते.

प्रश्न: अजगर अंड्यांना वेटोळे घालून बसतो, ते उबवायलाच ना?

हो. मादी वेटोळे घालते, राखणही करते आणि गरज पडली की स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. स्वतःची ऊब देणारे साप फारच थोडे. बाकीच्यांची भिस्त मातीवर.

प्रश्न: कुंडीत सरड्याची अंडी सापडली तर?

कुंडी तशीच राहू द्या. नेहमीइतके पाणी घाला, डबके करू नका, भरदुपारच्या उन्हातून जरा सरकवा, माती उकरू नका. आमच्या गॅलरीत गेल्या पावसाळ्यात असेच झाले. तुळशीच्या कुंडीत. आम्ही दोन महिने त्या कुंडीची माती हलवली नाही. एका सकाळी मातीला चार भोके दिसली आणि तुळशीच्या फांदीवर एक बोटभर सरडा बसलेला. आम्ही काही केले नव्हते. या वेळी तेच बरोबर होते.